मैदानाची चावी कोणाकडे?

दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघाले की समुद्रपूरच्या आसपासची शेते काही दिवस मोकळी पडतात. हरभरा पेरायला थोडा अवकाश असतो. तेवढ्या आठ-पंधरा दिवसांत पोरे धसकटे उपटून, ढेकळे फोडून खेळपट्टी तयार करतात, तीन काटक्या रोवतात आणि अंधारात चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळतात. मग एका सकाळी शेतमालक पेरणीला येतो आणि त्या वर्षीचा मोसम संपतो. पोरे कुरकुर करीत नाहीत. शेत ज्याचे त्याचेच, हे त्यांना कळते. कळत नाही ते एवढेच की, खेळासाठी म्हणून राखलेली, तारेचे कुंपण घातलेली, फाटक बसवलेली एक जागा असताना त्या फाटकाला बाराही महिने कुलूप का?

परवा चहाच्या टपरीवर हाच विषय निघाला. आमचे एक काकाजी आहेत, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. कपातला चहा बशीत ओतता ओतता ते म्हणाले, "गुरुजी, ह्या लोकशाहीत काही होत नाही बाप्पा. तिकडं हुकूमशाहीत पाहा. एक हुकूम सुटला का मैदान तयार, पोट्टे रांगेत उभे. आपल्या इथं चावी शोधता शोधता पोट्टं म्हातारं होऊन जाते!"

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना हसू मावळले, कारण काकाजींच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा होता. हुकूमशहांनी मैदाने बांधली आहेत. नुसती मैदाने नव्हेत, तरणतलाव, नाट्यगृहे, विश्रामधामे, मजुरांना समुद्रसफर घडवणाऱ्या बोटीसुद्धा. लोकांच्या करमणुकीचा विचार त्यांनी लोकशाही सरकारांपेक्षा कमी केला असे इतिहास सांगत नाही. उलट कधीकधी तो जास्तच केला. मग दोन राजवटींत फरक तो काय? कुलूप लावलेल्या मैदानाची लोकशाही बरी, की कुलूप नसलेल्या मैदानाची हुकूमशाही?

या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने १९३६ हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षीच्या एप्रिलच्या अखेरीस महात्मा गांधी आमच्याच जिल्ह्यातल्या शेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक ऑलिम्पिकच्या निमित्ताने बर्लिनला गेले आणि हुतूतूसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने तिथे दाखवली. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली उभी केलेली ही संस्था. परक्या सरकारच्या अमलात, लोकांच्या हौसेवर आणि आधारावर ती वाढली. विदर्भाच्या मातीतली ही मुले बर्लिनच्या ज्या भव्य क्रीडानगरीत उतरली, तिचा यजमान हिटलर होता. ती मुले त्या थाटाने दिपली असतील, तर त्यात नवल नाही. तेव्हा निम्मे जग दिपले होते.

दिपण्यासारखे होतेही बरेच. नोव्हेंबर १९३३ मध्ये नाझी सरकारने 'क्राफ्ट दुर्ख फ्रॉइडे' म्हणजे 'आनंदातून शक्ती' नावाची संघटना काढली. मुसोलिनीने इटलीत १९२५ साली 'दोपोलाव्होरो', म्हणजे 'कामानंतर', अशी संस्था काढली होती. तिचाच हा जर्मन अवतार. कारखान्यातल्या मजुराला स्वस्तात नाटकाचे तिकीट, संगीताची मैफल, पोहण्याचे वर्ग, डोंगरातली सहल. १९३८ या एका वर्षात सुमारे एक कोटी लोकांनी या संघटनेमार्फत लहानमोठ्या सहली केल्या. त्यातल्या बहुतेक एकदोन दिवसांच्याच होत्या, पण केल्या. भाग्यवान मजूर बोटीत बसून नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत आणि पार मदेरा बेटापर्यंत गेले. ज्याच्या बापाने समुद्र पाहिला नाही, त्याला डेकवरच्या खुर्चीत बसायला मिळाले. ही गोष्ट लहान नाही, आणि ती झाकून ठेवूनही उपयोग नाही. आपण ती झाकली, तर उद्या कोणीतरी काकाजींसमोर ती उघडी करील आणि आपल्याजवळ उत्तर नसेल.

पण या बोटीची दुसरी बाजूही पाहू. २ मे १९३३ रोजी जर्मनीतल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या, पुढाऱ्यांना अटक झाली आणि संघटनांचा पैसा जप्त झाला. त्याच वर्षी मजुरांनी स्वतः वर्गणी काढून चालवलेली खेळाची मंडळे, गायनमंडळे, गिर्यारोहकांच्या संस्था मोडून काढण्यात आल्या. म्हणजे मजुरांना करमणूक नव्हती आणि सरकारने ती दिली, असे झाले नाही. त्यांची होती ती करमणूक सरकारने आधी काढून घेतली, मग आपल्या शिक्क्याची परत केली. पगारवाढ मागण्याची सोय उरली नव्हती. तिच्या जागी सहलीचे तिकीट आले. बोटीवर प्रवाशांच्या वेषात गुप्त पोलीस असत आणि कोण काय बोलतो याची टिपणे वर जात. ज्यूंना या आनंदात जागा नव्हतीच. नोव्हेंबर १९३८ नंतर तर नाट्यगृहे, चित्रपटगृहे आणि मैफलींचे दरवाजेही त्यांना बंद झाले.

आणि शेवट? बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगेन बेटावर प्रोरा येथे २०,००० लोकांसाठी एकच एक विश्रामधाम बांधायला मे १९३६ मध्ये सुरुवात झाली. सुमारे साडेचार किलोमीटर लांबीची इमारतींची रांग, प्रत्येक खोलीतून समुद्र दिसावा अशी. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले, काम थांबले, आणि ज्यांच्यासाठी ती बांधली त्या मजुरांपैकी एकही तिथे सुटीला गेला नाही. दर आठवड्याला ५ मार्कांची तिकिटे चिकटवून मोटार मिळवण्याची योजना होती. तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. राजवट असेपर्यंत त्यातल्या एकाच्याही दारात मोटार आली नाही. कारखाना लष्करी गाड्या बनवू लागला. सहलीच्या बोटींची इस्पितळे आणि लष्करी वाहतुकीची जहाजे झाली. आनंदातून जी शक्ती कमवायची होती ती कशासाठी, हे तेव्हा उघड झाले.

आता त्याच १९३६ सालचा शेजारचा देश पाहा. फ्रान्समध्ये मे-जून महिन्यांत मजुरांनी कारखान्यांतच ठिय्या देऊन प्रचंड संप केले. त्या रेट्यामुळे लेऑन ब्लूम यांच्या सरकारने जूनमध्ये कायदा करून प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. लेओ लाग्रांज नावाच्या तरुण मंत्र्याकडे खेळ आणि फुरसत हे खाते आले. त्याने रजेवर जाणाऱ्या मजुरांना रेल्वेचे सवलतीचे तिकीट मिळवून दिले, वसतिगृहांना आणि मैदानांना उत्तेजन दिले. त्याची भूमिका स्पष्ट होती. सरकारने सोय करावी. लोकांचे मन रमवणे कवायतीसारखे हाती घेऊ नये. कोणी समुद्रावर जाईल, कोणी मासे धरील, कोणी घरी पडून राहील. विरोधकांनी त्याच्या खात्याला 'आळसाचे मंत्रालय' म्हणून हिणवले. हिणवणाऱ्यांपैकी कोणी त्यासाठी तुरुंगात गेला नाही. हा लाग्रांज पुढे जून १९४० मध्ये जर्मन फौजांशी लढताना रणांगणावर पडला.

दोन्ही देशांत मजुराला सुटी मिळाली, स्वस्त तिकीट मिळाले. फरक कोठे होता? फ्रान्समधल्या मजुराने सुटी मागून, भांडून घेतली होती आणि ती कशी घालवायची हे त्याचे तोच ठरवत होता. जर्मन मजुराला ती दिली गेली होती, आणि देणाऱ्याचे डोळे सुटीतही त्याच्यावर होते. मला वाटते, कोणत्याही राजवटीच्या करमणुकीची परीक्षा तीन साध्या प्रश्नांनी घ्यावी. यायचे नसेल तर घरी बसता येते का? सरकारला न विचारता चार माणसे जमून आपला वेगळा खेळ मांडू शकतात का? आणि मैदानाला कुलूप असेल तर ते का, असे विचारता येते का?

हे प्रश्न दूरच्या देशांचे नाहीत. आमच्या मुलखात भजन ही केवळ भक्ती नव्हे, ती गावाची संध्याकाळ आहे. दिवसभर निंदण-डवरणी करून थकलेला माणूस रात्री भजनात टाळ धरतो, तेव्हा त्याचे मन हलके होते. तुकडोजी महाराजांची खंजेरी ऐकायला गावेच्या गावे जमत. १९४२ साली आमच्याच जिल्ह्यातले आष्टी आणि पलीकडचे चिमूर पेटून उठले, तेव्हा इंग्रज सरकारने महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. ज्या राजवटीला लोकांची संमती नसते, तिला खंजेरीचीही धास्ती वाटते. रात्री भजनाला जमलेली माणसे सकाळी कशासाठी जमतील, याचा तिला नेम नसतो.

पुढे स्वराज्य आले, तरी या धास्तीचा एक झटका आपणही अनुभवला. आणीबाणी जून १९७५ मध्ये लागली. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. ६ फेब्रुवारी १९७७, रविवार. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि नुकतेच काँग्रेस सोडलेले जगजीवनराम यांची सभा होती. त्या संध्याकाळी दूरदर्शनने राज कपूरचा 'बॉबी' लावला. घरबसल्या फुकट 'बॉबी' म्हणजे त्या काळी पर्वणीच! लोकांनी घरी बसावे हा हेतू कोणाच्या ध्यानात आला नाही असे नाही. लोक 'बॉबी' सोडून मैदानावर गेले, आणि प्रचंड संख्येने गेले. करमणूक नाकारण्याचा हक्क माणसाने बजावला, असे प्रसंग इतिहासात फार नाहीत. हा त्यातला एक.

इथे कोणी म्हणेल, गुरुजी लोकशाहीची आरती ओवाळायला बसले. तसे नाही. कुलूप लावण्यात लोकशाह्याही मागे नाहीत. अमेरिकेत मॉन्टगोमेरी नावाचे शहर आहे. तिथल्या काळ्या नागरिकांनी सार्वजनिक बागा सर्वांना खुल्या कराव्यात म्हणून न्यायालयात दाद मागितली. तेव्हा नगराने काय करावे? १९५९ साली सगळ्याच बागा बंद करून टाकल्या. काळ्या मुलांबरोबर गोरी मुले खेळण्यापेक्षा कोणीच न खेळलेले बरे! त्या बागा पुन्हा उघडायला १९६५ साल उजाडले. ते शहर मतपेटीवर चालत होते, हे विसरता येत नाही.

आणि आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे? सार्वजनिक जागा कोणाच्या, या प्रश्नासाठी आपल्याकडे १९२७ साली महाडच्या तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाज यांनी १९२८ साली सर्वांना खुले केले, ती त्या काळी देशभर गाजलेली गोष्ट ठरली. म्हणजे बाकीचे दरवाजे किती घट्ट बंद होते ते समजावे. म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांचाही उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग यांच्या कारणावरून तिथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. करमणूक ही किरकोळ बाब आहे असे घटनाकारांना वाटले नव्हते. ज्याला बागेच्या फाटकातून परत पाठवले जाते, तो मतदार असला तरी पुरता नागरिक झालेला नसतो.

लोकशाहीने या बाबतीत काही केलेच नाही, असेही नाही. मुंबई राज्याने १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा केला. कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि न वाटलेला पगार मालकाच्या खिशात न राहता या निधीत जावा, कामगार आणि मालक दोघांनी त्यात भर घालावी आणि त्यातून वाचनालये, व्यायामशाळा, शिवणवर्ग, नाट्यस्पर्धा चालाव्यात, अशी ही व्यवस्था. मंडळावर कामगारांचे आणि मालकांचेही प्रतिनिधी. पुढे विदर्भातही त्याची केंद्रे निघाली. गिरणीत दिवसपाळी करून रात्री नाटकाची तालीम करणारी माणसे या स्पर्धांनी रंगमंचावर आणली. जर्मन संघटनेशी हे ताडून पाहा. इथे केंद्रात कॅरम खेळणारा कामगार दुसऱ्या दिवशी युनियनच्या मोर्चात जाऊ शकत होता आणि जातही होता. कल्याण केंद्र मिळाले म्हणून युनियन बंद झाली नाही.

लोकशाहीतली करमणूक भांडणाशिवाय होत नाही, हेही मान्य करू. 'सखाराम बाइंडर' १९७२ साली रंगमंचावर आले, परिनिरीक्षण मंडळ आडवे आले; कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. आमच्याकडच्या शंकरपटाचे उदाहरण तर ताजे आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. बैलांचे हाल होतात हे खोटे नव्हते, आणि शेतकऱ्याची वर्षाची हौस गेली हेही खोटे नव्हते. राज्याने २०१७ साली कायदा केला, त्यावर पुन्हा वाद झाले, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठाने कायदा उचलून धरला. नऊ वर्षे! हुकूमशहाने हा निकाल नऊ मिनिटांत दिला असता. पण त्यात बैलाच्या बाजूने कोणी बोलले नसते, किंवा शेतकऱ्याच्या बाजूने कोणी बोलले नसते. इथे दोघांचीही बाजू ऐकली गेली. निकाल कोणाला पटला, कोणाला नाही. पण बोलायचे राहून गेले असे कोणी म्हणू शकत नाही.

आता एक कबुली द्यायला हवी. काकाजींनी 'पोट्टे रांगेत उभे' म्हटले, तेव्हा मला माझीच शाळेतली वर्षे आठवली. उत्तर कोरियात हजारो मुलांकडून महिनोन् महिने तालीम करून घेऊन भव्य सामुदायिक कवायती केल्या जातात. त्यांची छायाचित्रे पाहून आपण हळहळतो. पण एका पाहुण्यांच्या स्वागताला मी स्वतः मुलांना रस्त्याच्या दुतर्फा उभे केले होते. एप्रिल महिना. पाहुणे दहाला यायचे ते साडेबाराला आले. पाचवीतली एक मुलगी भोवळ येऊन पडली. तिला सावलीत नेऊन पाणी पाजले; शुद्धीवर येताच तिने विचारले, "गुरुजी, मी रांग मोडली का?" मी 'नाही' म्हटले. पण तिला त्या उन्हात उभे राहायचे आहे का, हे मी आधी विचारले नव्हते. त्या सकाळी माझ्या शाळेत लोकशाही नव्हती, आणि तसा हुकूम दिल्लीहून आला नव्हता. तो माझ्याच तोंडून निघाला होता. हुकूमशाही नेहमी रणगाड्यावर बसूनच येते असे नाही. सवयीनेही येते.

म्हणून मला वाटते, काकाजींना हवे ते मैदान आणि मला हवी ती मोकळीक, या दोन वेगळ्या गोष्टी समजणे हीच चूक आहे. मैदान न देणारी लोकशाही आपल्या हाताने हुकूमशाहीची जाहिरात करते. संध्याकाळी मुलांना खेळायला, पोरींना धावायला, म्हाताऱ्यांना टेकायला जागा नसेल, तर 'तिकडे बरे होते' म्हणणारा माणूस टपरीटपरीवर भेटणार. पोरींचा उल्लेख मुद्दाम केला. पोरांना निदान सोयाबीनचे मोकळे शेत मिळते. पोरी तिथे दिसत नाहीत. भुलाबाईची गाणी अंगणात होतात, हळदीकुंकू घरात होते. गावात बाईमाणसाने घटकाभर विनाकारण बसावे अशी जागा दाखवा म्हटले तर देवळाची पायरी सोडून मला दाखवता यायची नाही. कुलूप पोरांना तारेबाहेर ठेवते, पोरींना तर घरातच ठेवते.

आणि हक्क कागदावर नाही असे नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या कामांत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे नाव घेऊन नमूद केलेली आहेत. तालुक्या-तालुक्याला क्रीडासंकुल हे राज्याचे धोरण आहे. २००५ सालापासून माहितीचा अधिकार आहे. लोकशाहीने आपल्याला मैदान आयते दिले नसेल, पण मैदान का नाही हे विचारायचा कागद हातात दिला आहे. प्रोराच्या त्या साडेचार किलोमीटरच्या इमारतीत वीस हजार माणसांची सोय होती. हा एक कागद तिथल्या कोणाजवळ नव्हता.

तो कागद आम्ही वापरायचे ठरवले. टपरीवरच अर्ज लिहिला. 'सदर जागेचे फाटक रोज सकाळी व सायंकाळी उघडे ठेवावे, मुलींसाठी वेळ राखून ठेवावी, चावी कोणाकडे असते ते नाव फाटकावर लिहावे', एवढ्या तीनच मागण्या. दुसरी मागणी मी लिहिली नव्हती. नववीतल्या दोन पोरी दुकानात वही घ्यायला आल्या होत्या, त्यांनी ती घालायला लावली. खाली सह्यांसाठी जागा सोडली. पहिली सही कोणी करायची यावर जरा चुळबूळ झाली. आपले नाव वर दिसले तर उगाच कोणाच्या नजरेत येईल, असा विचार प्रत्येकाच्या मनात आला असावा.

काकाजींनी बशी खाली ठेवली आणि पेन मागितला.

"काकाजी, तुम्हाले तं हुकूमशाही पायजे होती ना?" कोणीतरी छेडलेच.

"पायजे होती," सही करता करता ते म्हणाले. "पण मंग हा अर्ज कोणाले देला असता?"

अर्ज देऊन महिना झाला. कुलूप अजून आहे. काल आम्ही दुसरा अर्ज दिला. त्यावर सह्या पहिल्यापेक्षा जास्त आहेत आणि त्यातल्या अकरा पोरींच्या आहेत.